माळ्याचा नियम

"गुरुजी, इकडे या जरा. किती देखणं घर सापडलंय बघा," ऑफिसातली सगळ्यांत नवी मुलगी, धाकटी, म्हणाली, आणि तिच्या कौतुकाला मान द्यायचा म्हणून तो आपला चहाचा पेला हातात घेऊनच तिच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. देखणं घर म्हणजे काय ते त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं. बाहेरच्या माणसाला कळलं नसतं. स्क्रीनवर एक आडवी रेघ होती, अगदी जमिनीलगत गेलेली, आणि दर आठवड्याला त्या रेघेवर एकच बारीकसा काटा उभा होता, कोणीतरी सुईनं टोचून वर काढल्यासारखा. बाकी सगळं सपाट. "माळ्याचा नियम," धाकटी आनंदानं म्हणाली, "शिकवायला ठेवावं असं उदाहरण आहे. एकही दिवस चुकलेला नाही." आणि बोलता बोलता तिनं नकाशा मोठा केला. गल्ल्या उघडत गेल्या, छपरं दिसू लागली, रस्त्याला एक वळण आलं, वळणावर तिरका उभा असलेला दिव्याचा खांब आला, आणि त्या खांबामागच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर एक राखाडी ठिपका लुकलुकत राहिला. राखाडी म्हणजे रिकामं. त्याला आधी खांब ओळखू आला. लहानपणी त्या खांबावर चढताना त्याचा ओठ फाटला होता, आणि जीभ नकळत तिथं गेली, खूण अजून आहे का ते पाहायला. मग इमारत ओळखू आली. पहिल्या मजल्यावर त्याचे वडील राहत होते.

"ठेवू ना यादीत?" धाकटीनं विचारलं.

"जरा बाजूला ठेव," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं त्याला नवल वाटलं.

तो काही पहिल्यापासून या धंद्यातला नव्हता. आधी तो एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा, म्हणून इथं सगळे त्याला गुरुजी म्हणत. त्यात थोडा आदर होता आणि थोडी टिंगल, आणि दोन्हींचं प्रमाण रोज बदलत असे. तो पाणीपुरवठ्याच्या या कार्यालयात आला तेव्हा आकड्यांचं काम जिन्याखालच्या खोलीत चालायचं. तिथं दोन टेबलं होती आणि एक पंखा होता, जो फिरताना कुरकुरायचा आणि थांबला की जास्त कुरकुरायचा. कोणी विचारलं, तर साहेब म्हणायचे, "ते होय, ते गणितवाले." मग घरोघरी नवे मीटर बसले. मीटर दिवसभर बोलू लागले, शहरातला प्रत्येक नळ कधी उघडला आणि कधी मिटला ते सांगू लागले, आणि ते सगळं ऐकायला माणसं लागू लागली. जिन्याखालून ते वर आले, मग आणखी वर, आणि आता अख्खा मजला त्यांचा होता. काचेच्या भिंती, चाकांच्या खुर्च्या, आणि दर सहा महिन्यांनी येणारी नवी मुलं, ज्यांच्या पदवीच्या कागदावर त्याच्या कामाचं असं नाव छापलेलं असे, जे तो शिकत होता तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं. डेटा सायंटिस्ट. त्याच्या मेव्हण्यानं मागच्या भेटीत विचारलं होतं, "आमच्या चिरंजिवांना घालू का तुमच्या त्या लाइनीत? गणितात गोते खातोय, पण सगळे म्हणतात की हल्ली त्यातच आहे." तो नुसता हसला होता. आपल्याला या कामातलं नक्की काय येतं, ही शंका त्याला रोज सकाळी दात घासताना यायची आणि ऑफिसात पोचेपर्यंत जायची. आज ती त्याच्यासोबत ऑफिसातही आली होती असं त्याला आता वाटलं. पेल्यातला चहा निवला होता.

माळ्याचा नियम त्याचाच. शहरात बंद घरं फार झाली होती. कोणी परगावी, कोणी परदेशी, कोणी देवाघरी, आणि त्या घरांतले नळ, टाक्या, सांधे बिनबोभाट गळत राहायचे. बंद घरं शोधा, त्यांचं पाणी बाहेरूनच बंद करा, मालक आला की पुन्हा सोडा, असा हुकूम निघाला. पण रिकामं घर पूर्ण कोरडं असतं, हा समज चुकीचा निघाला. पुष्कळ घरांत आठवड्यातून एकदा नळ सुटायचा, पाणी वाजायचं आणि बंद घरं ओळखणारं मॉडेल गोंधळून त्या घरात माणसं आहेत असं सांगायचं. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याला सुचलं: हा माळी आहे. घरमालक किल्ली देऊन गेलाय, आणि कोणीतरी आठवड्यातून एकदा येऊन कुंड्यांना पाणी घालतंय. असलं पाणी मोजू नका. एवढं साधं. मॉडेल एकदम सुधारलं, विभागाच्या प्रमुख असलेल्या मोठ्या बाईंनी बैठकीत त्याचं नाव घेतलं, आणि कोणी नाव घेतलं की त्याच्या कानाच्या पाळ्या तापत, म्हणून बैठकभर त्याला आपल्या कानांचीच चिंता लागून राहिली. आणखी एक गोष्ट तो त्याच वेळी धरून चालला होता, पण ती सगळेच धरून चालतात, म्हणून तिचं कोणी नावसुद्धा घेतलं नाही. ती अशी की प्रत्येक घर दुसऱ्या घरापासून स्वतंत्र आहे. एका घरात काय होतं याचा शेजारच्या घराशी संबंध नाही. असं धरलं नाही, तर गणित पुढं सरकतच नाही.

आणि आणखी एक नियम होता, तोही त्यानंच केलेला, नव्या मुलांकडून सही घेऊन पाळायला लावलेला: ओळखीच्या घराचा आलेख उघडायचा नाही. धाकटी जेवायला गेल्यावर त्यानं तो उघडला. चोरून मिठाई खाणाऱ्या मुलासारखं त्यानं फक्त एकदा मागं पाहिलं. काटा रविवारचा होता. दर रविवारी सकाळी थोडं पाणी, एक किटली भरेल, एक कप विसळला जाईल, एखादी कुंडी भिजेल इतकं. आणि बाकीचे सगळे दिवस काहीच नाही. थेंब नाही. त्याच्या मनात आधी आलं, मीटर बिघडला असेल. पण बिघडलेला मीटर रविवार ओळखत नाही. मग त्यानं आलेख मागं सरकवत नेला, एक वर्ष, आणखी मागं, आणि रेघ हळूहळू जमिनीवरून उठली, दाट झाली, गजबजली, आणि त्याला समजायच्या आधीच तो आईपाशी येऊन पोचला होता.

तिच्या आजारपणात रेघ कशी झाली होती ते त्याला दिसत होतं. अवेळी उठणारे काटे, चादरी धुतल्याचे उंच डोंगर, मग बाबा दमून झोपले असतील अशी एखादी लांब मोकळी जागा. त्याच्याही मागं ती धडधाकट होती. पहाटेचा तो जाड काटा म्हणजे ती बादली नळाखाली ठेवून नळ बारीक सोडायची आणि विसरायची, बादली भरून वाहायला लागली की बाबा आतून ओरडायचे, "अगं, समुद्र करतेस की काय घराचा?" आणि ती म्हणायची, "झाला तर झाला, तुम्हाला तरी कुठं पोहता येतंय!" हे सगळं त्या रेघेत नव्हतं. रेघेत फक्त पाणी होतं. पण आपण मॉडेल शिकवलं ते याच वर्षांच्या आकड्यांवर, हे त्याला आठवलं. माणसांनी भरलेलं घर कसं दिसतं हे यंत्राला कळावं म्हणून त्यानं हजारो घरं त्याच्यापुढं ओतली होती आणि त्यांत हेही होतं. आईची बादली त्या ढिगात कुठेतरी होती, आणि यंत्र ती शिकलं होतं, आणि आता त्याच शिकवणीच्या जोरावर म्हणत होतं की या घरात कोणी नाही.

पण मग रविवारी फोन उचलतं कोण? दर रविवारी सकाळी तो वडिलांना फोन करायचा. पहिल्या दोन घंट्यांत उचलायचे. "कसं काय?" "सगळं ठीक." "जेवणखाण?" "व्यवस्थित. तुमच्याकडं?" "ठीक." हवा, गुडघा, नातीची परीक्षा, आणि "बरंय, ठेवतो." त्यानं एक मोबाइल घेऊन दिला होता, तो खणात पडून होता, कानाला गरम लागतो म्हणायचे. दोन-तीन महिन्यांतून तो स्वतः जायचा, आधी कळवून, आणि घर नीटनेटकं असायचं, बाबा दाढी करून बसलेले असायचे. अगदी पाहुण्यासाठी बसावं तसे, हे त्याला आता जाणवलं. रविवारी उत्तर देणारा माणूस बाकीचे दिवस कुठं असतो? दवाखान्यात? बागेतल्या बाकावर? मनात जे येतंय ते सगळं एखाद्या हलक्या मासिकातलं आहे असं वाटून त्याला स्वतःची लाजच वाटली. त्यानं जागेवरूनच वडिलांच्या घरचा नंबर फिरवला. बुधवार होता. फोन वाजत राहिला, आणि ती घंटा त्या खोलीत कशी फिरत असेल ते त्याला दिसलं. कपाटावरून, बंद खिडकीवरून, प्लॅस्टरच्या जबड्यांवरून.

वडील कवळ्या करायचे. दातांचे डॉक्टर माणसाच्या तोंडाचा ठसा घेऊन पाठवायचे, बाबा त्यात प्लॅस्टर ओतून जबडा काढायचे आणि त्यावर दात बसवायचे. फळीवर ओळीनं जबडे मांडलेले असायचे, मालकांशिवाय. लहानपणी तो प्रत्येक जबड्याला एक चेहरा द्यायचा, आणि बाबांनाही तो नाद होता. एक रुंद, दणकट जबडा पाहून ते म्हणाले होते, "हा पैलवान बघ. लोखंड चावत असणार." नंतर कवळी न्यायला आल्या त्या चिमणीएवढ्या गाणं शिकवणाऱ्या बाई, आणि इतक्या हळू बोलणाऱ्या की दोनदा विचारावं लागलं. आई आठवडाभर बाबांना "काय पैलवान" म्हणून हाक मारत होती. बाबांनी जबडे ओळखणं काही सोडलं नाही आणि त्यांचा अंदाज बहुधा चुकायचाच. आपणही तोच धंदा करतो, फक्त आपल्या चुका विचारायला कोणी येत नाही, असं त्याला वाटलं. यादी शुक्रवारी जायची होती. शुक्रवारनंतर माणसं पाना घेऊन निघतील आणि राखाडी ठिपक्यांचं पाणी बंद करतील. त्यानं धाकटीला सांगितलं की मला जरा बाहेर जायचंय. तिनं त्याच्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत तो दुपारचा कधी बाहेर पडला नव्हता.

दार त्यानं आपल्या किल्लीनं उघडलं. घर स्वच्छ होतं. वाईट काही दिसलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं, इतकं स्वच्छ. न्हाणीघराची फरशी कोरडी होती, वापरात नसलेली फरशी होते तशी फिकट. साबणाच्या वडीला भेगा पडल्या होत्या. स्वयंपाकघरात एक किटली, एक कप पालथा. खिडकीत एकच कुंडी होती, आईची, आणि तिच्यातलं झाड चांगलं टवटवीत होतं. अंथरुणाची घडी अशी होती की तिच्यावर बरेच दिवस कोणी पाठ टेकली नव्हती. फोनशेजारी खुर्ची होती. तेवढी एकच खुर्ची जागेवरून हललेली, फोनकडं तोंड करून, आणि तिच्या उशीला बसण्याचा खळगा पडलेला. तो त्या खळग्यात बसला. फळीवर दोन-चार जुने जबडे अजून होते, आ वासून. घराचा वास घ्यायचा त्यानं प्रयत्न केला, पण वासच नव्हता. तळलेलं, ओलं, औषधी, काही नाही. यंत्राचं बरोबर होतं. हे घर रिकामं होतं. मग आई गेली त्या दिवशी नव्हतं आलं ते रडू आता दाटून आलं, आणि तो तसाच बसून राहिला, हात मांडीवर ठेवून, दाढीसाठी रांगेत बसलेल्या गिऱ्हाइकासारखा.

तेव्हा वर कोणीतरी खोकलं.

खोकला माणसाच्या सहीसारखा असतो. आधी एक छोटा, मग दोन मोठे, आणि शेवटी वैतागल्यासारखा "हं!" हा खोकला त्यानं भिंतीपलीकडून, पांघरुणातून, परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तकावरून मान न उचलता ऐकलेला होता. आता तो छतातून येत होता. पाठोपाठ एक बाई हसल्या. तो जिना चढून वर गेला. दार लोटलेलंच होतं, आणि फटीतून त्याला आधी बाबांचे हात दिसले, हवेत समोर धरलेले, कोणी बेड्या घालायला येणार असल्यासारखे. दोन्ही मनगटांभोवती निळ्या लोकरीची लड होती, आणि समोर बसलेल्या उंच, केस अगदी बारीक कापलेल्या बाई तिचा गुंडा करत होत्या. त्या वर राहायच्या हे त्याला माहीत होतं. पूर्वी तलावावर मुलांना पोहायला शिकवायच्या, आई गेली तेव्हा जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या. एवढंच माहीत होतं.

"हात खाली नका आणू म्हटलं ना," बाई म्हणत होत्या. "गुंता झाला तर तुम्हीच सोडवत बसाल."

"तासाभरापासून शरण आल्यासारखा बसलोय. नाकाला खाज सुटलीय."

"खाजू द्या की नाक. आपोआप थांबते." मग त्यांची नजर दाराकडं गेली. "या," त्या म्हणाल्या, अजिबात न गडबडता. "तुम्हीच ना ते आकडेवाले? चेहरा ह्यांचाच आहे. फक्त मिशी नाही."

बाबांनी मान वळवली. हात मात्र तसेच राहिले. लोकर गुंतेल या धाकानं त्यांना उठता येईना, आणि पळायलाही काही जागा नव्हती. "तू? आज काय, रविवार आहे?"

"बुधवार आहे, बाबा."

"मग?"

"सहज." आणि मग त्याला वाटलं, एवढा जिना चढून आलो ते सहज म्हणायला नाही. "आमच्या यादीत आपलं घर रिकामं आलंय. पाणी बंद करायच्या यादीत."

"कोणी कळवलं?"

"कोणी नाही. नळानं."

बाई खळखळून हसल्या. "भिंतीला कान असतात हे ऐकलं होतं. नळाला तोंड असतं, हे आजच कळलं." बाबा हसले नाहीत. ते हातातल्या लोकरीकडं पाहत होते, आणि त्यांच्या गालांवर, पांढऱ्या खुंटांखाली, लाली चढत होती. कानाच्या पाळ्याही. मुलानं आपल्या कानाला हात लावला.

"सांगणार होतो," बाबा म्हणाले. "रोज नाही, पण दर रविवारी ठरवायचो. यांच्याकडं आधी गप्पा मारायला यायचो. मग जेवायला. मग खाली जायचा कंटाळा यायला लागला. खाली काय आहे? तिची कुंडी आहे."

"आणि फोन आहे," बाई म्हणाल्या, गुंड्यावरून नजर न काढता. "सांगा की तेही. रविवारी सकाळी ह्यांना चहा हवा असतो तो खालीच. दाढी करतात आणि जातात. मी म्हणते, मुलाला माझा नंबर द्या. तर म्हणे, त्याच्या आईच्या घरी फोन करायची त्याला सवय आहे, तिथंच वाजू दे."

लोकर तेवढी मनगटावरून सुटत राहिली. बाबा एकदा उजवा हात कलता करत, एकदा डावा, म्हणजे बाईंना धागा ओढायला सोपं जाई, आणि हे ते न पाहता करत होते. पुष्कळ दिवसांच्या सरावाचं होतं ते. त्या सपाट रेघेवरचा तो काटा आपणच उभा करत होतो, दर रविवारी, बसल्या जागेवरून बोट फिरवून, हे त्याला तेव्हा कळलं; आणि शेजारची, म्हणजे वरच्या घराची रेघ आपण एकदाही उघडून पाहिली नाही, हेही. ती नक्कीच वर चढली असणार. एका माणसाची दोन माणसं झालेली. प्रत्येक घर स्वतंत्र आहे असं धरून चाललो होतो आपण.

"तुला वाईट वाटलं?" बाबांनी विचारलं. असला प्रश्न त्यांनी त्याला जन्मात कधी विचारला नव्हता.

त्यानं शोधून पाहिलं. खाली दाटून आलेलं ते रडू अजून आत होतं, पण त्यात आता बाबांच्या हातातली लोकरही होती, आणि आईचं "काय पैलवान" होतं, आणि काय किती आहे हे वेगळं काढता येत नव्हतं. "ठाऊक नाही," तो म्हणाला. "पण घाबरलो होतो."

"मग बस," बाई म्हणाल्या. "घाबरलेल्या माणसानं उभं राहू नये. तलावावर पहिला धडा तोच असायचा, आधी काठाला बसा. आणि तुम्ही," त्या बाबांना म्हणाल्या, "झालं. घ्या खाजवून नाक."

"आता खाज गेली," बाबा म्हणाले.

बराच वेळ तो बसला. उठताना बाबा जिन्यापर्यंत आले आणि कठड्याला धरून म्हणाले, "नियम म्हणजे नियम. बंद करा पाणी. आमचं अडत नाही. फक्त, मग रविवारी फोन कुठं करशील ते सांग. म्हणजे मी तिथं थांबेन." खाली उतरून त्यानं घराला कुलूप लावलं आणि ते ओढून पाहिलं, जसं आई पाहायची.

दुसऱ्या दिवशी तो मोठ्या बाईंच्या खोलीत गेला आणि माळ्याचा नियम चुकला आहे असं म्हणाला. बोलायला त्याला बरीच तयारी करावी लागली आणि तयार केलेलं सगळं तो विसरला. म्हणाला, काट्याला माळी म्हणायचं मी ठरवलं, विचारलं कोणालाच नव्हतं. ओळखीच्या घराचा आलेख मी उघडला, हेही त्यानं सांगून टाकलं. मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "वडील बरे आहेत ना?" त्यांनी विचारलं. "उत्तम आहेत," तो म्हणाला, आणि हे खरं असल्याचं त्याचं त्यालाच बोलताना कळलं. ठरलं असं की आठवड्यातून एकदा पाणी वाजणारी घरं यादीतून तूर्त काढायची, आणि ज्या दिवशी पाणी वाजतं त्याच दिवशी तिथं फोन करायचा किंवा दार वाजवायचं. धाकटी कुरकुरली, "म्हणजे गुरुजी, एवढं मॉडेल बांधून शेवटी दारंच वाजवायची?" पण पहिले फोन तिनंच केले, आणि एक फोन ठेवून ती उठून गुरुजींच्या टेबलाशी आली. त्या घरी एक बाई फोन उचलून म्हणाल्या होत्या, की मी दर शनिवारी इथं येते, दोन घोट पाणी पिते आणि तासभर बसते, माझ्या घरात कुठं बसायला मिळतं? "ह्यांना काय लिहू?" धाकटीनं विचारलं. घर यादीतून काढायचं, तर कारण निवडावं लागे: प्रवास, भाडेकरू, मीटर बिघाड, इतर. "इतर लिही," तो म्हणाला. आपल्या वडिलांच्या घरापुढं त्यानं तेच निवडलं होतं.

रविवारी सकाळी तो नेहमीच्या खुर्चीत बसला. वरचा नंबर त्याच्याकडं होता, बाईंनी तो लोकरीच्या वेष्टनाच्या चिठोऱ्यावर लिहून दिला होता. तो चिठोरा त्यानं समोर ठेवला, सपाट केला, आणि मग खालचा नंबर फिरवला. दोन घंट्यांत फोन उचलला गेला.

"कसं काय?" त्यानं विचारलं.

"सगळं ठीक," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, "गुडघा दुखतोय. जिना चढवत नाही पूर्वीसारखा."

"मग उतरता कशाला?"

"वा! म्हणजे फोन कोणी घ्यायचा?" मागे कसला तरी आवाज येत होता, एकसारखा, भरून आल्यासारखा. आधी त्याला वाटलं, लाइनीतच काही बिघाड आहे.

"बाबा, नळ उघडा राहिलाय वाटतं."

"राहिला नाही. सोडलाय. बादली ठेवलीय खाली." बाबांनी आवाज जरा खाली आणला, जणू यंत्र ऐकत असावं. "कळू दे की तुमच्या त्या ऑफिसाला. आहे म्हणावं माणूस."

तो हसला. बादली भरत आल्याचा आवाज त्याला इकडं ऐकू येत होता, चढत चढत बारीक होत जाणारा. आता काठाशी आलं, आता वाहील. बंद करा, असं तो म्हणाला नाही. मग पाणी वाहायला लागलं, आणि दोघं दोन टोकांना बसून ते ऐकत राहिले.